अठ्ठाविसाव्या सेंटीमीटरचं पॅलेडियम

माझ्या गाईडसरांनी पुण्याहून पाठवलेली यादी बाबांनी आधी मनात वाचली, मग मोठ्यानं वाचली आणि मग लाल पेन काढून प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण करायला घेतली. बाबांची सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवण्यात गेली. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, पण लाल पेन खिशातून गेलं नव्हतं.

यादी होती लोणारच्या तलावातला गाळ काढताना काय काय जवळ बाळगायचं नाही याची. अंगठी नको, बांगडी नको, घड्याळ नको, सेफ्टी पिन नको, किल्ल्या नकोत, कात्री नको, चाकू नको. थोडक्यात, धातू नको.

"इतलं काऊन?" आईनं विचारलं.

मी तिला समजावलं. हा तलाव उल्का पडून झालेला, हे आमच्याकडे शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे. काही धातू उल्केत बऱ्यापैकी असतात आणि आपल्या जमिनीत नावाला असतात. प्लॅटिनम, पॅलेडियम, इरिडियम अशी त्यांची नावं. तलावाच्या तळाशी हजारो वर्षं गाळाचे थर साचत गेले. त्या थरांत हे धातू कुठे आणि किती आहेत ते मोजायचं, ही माझी पीएचडी. पण ते इतके कमी असतात, की नुसती अंगठी घासली गेली तरी सगळं मोजमाप बिघडतं.

"कमी म्हंजे किती कमी?" बाबांनी विचारलं.

"अब्जात एखादा भाग."

बाबा उठून स्वयंपाकघरात गेले. त्यांनी चमचाभर साखर ताटात पसरली आणि चष्मा लावून दाणे मोजायला बसले. आई म्हणाली, "चहाले पाणी ठेवलं हाये, साखर इकडे द्या." बाबांनी हात वर करून तिला गप्प केलं. तासाभरानं ते बाहेर आले. "पंधरा-वीस पोते साखर ओतली," ते म्हणाले, "अन् त्यात मिठाचा एक दाना टाकला, तर तो दाना तुले हुडकायचा हाये. बरोबर?"

बरोबर होतं. तीन वर्षांत मला माझं काम इतक्या सोप्या शब्दांत सांगता आलं नव्हतं. मी त्याच क्षणी ठरवलं, की मदतीला पुण्याहून कुणाला आणायचं नाही, बाबांनाच घ्यायचं. आमचं घर सुलतानपूरला. तिथून लोणार जवळ, आणि बाबांइतका नियम पाळणारा माणूस मला दुसरा माहीत नव्हता.

नियम त्यांनी खरोखरच पाळले. ठरल्या दिवशी सकाळी ते अंगणात आले तेव्हा मी त्यांना पटकन ओळखलंच नाही. पट्ट्याला बक्कल असतं म्हणून पँट रद्द, तिच्या जागी नाडीचा पायजमा. शर्टाला धातूचं बटण असेल म्हणून सदरा. चष्म्याची काडी धातूची म्हणून आईचा प्लॅस्टिकच्या फ्रेमचा, गुलाबी रंगाचा चष्मा. त्यातून त्यांना लांबचं धूसर दिसत होतं, पण त्याची त्यांना फिकीर नव्हती. घड्याळाच्या जागी मनगटावर पांढरा पट्टा उमटला होता.

"तपासून घे," ते हात पसरून म्हणाले. मी तपासलं. कुठेच काही नव्हतं.

तलावाकडे उतरायची वाट झाडीतून जाते. आमच्याबरोबर एक वनरक्षक होता. अभयारण्यात शिरायचं तर त्याच्याशिवाय इलाज नाही. त्यानं परवाना दोनदा वाचला आणि आमच्याकडच्या लांबलचक प्लॅस्टिकच्या नळीकडे बोट दाखवलं.

"परवान्यात गाळाचा नमुना लिहेल हाये. हा तं पाइप हाये."

"गाळ त्याच्यातच येणार," मी म्हटलं.

"मंग आता रिकामा काऊन हाये?"

बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि पहिल्या बाकावरच्या पोराला समजावतात तसं समजावलं. नळी पाण्यातून सरळ तळात रुतवायची, वरून बूच बसवायचं, मग ओढून काढायची. आत गाळ जसाच्या तसा थरावर थर बसलेला राहतो. वनरक्षकाला हे फारच आवडलं. ट्रकच्या ट्यूबा आणि बांबू बांधून आम्ही तराफा केला होता. त्यावर तोच आधी चढला, आणि नळी ठोकायचा लाकडी हातोडाही त्यानं कुणाला दिला नाही.

लोणारच्या गाळाला सडक्या अंड्यांचा वास येतो. तो हातांना लागला की दोन दिवस जात नाही. दुपारी आम्ही दोन बुचं मारलेली, काळ्या गाळानं भरलेली नळी उभी धरून वर चढलो. नळी आडवी करायची नसते, थर मिसळतात. चढ संपेपर्यंत तिघांनी आळीपाळीनं ती लहान लेकरासारखी कडेवर घेतली. नंतर जीपमध्येही बाबा तिला मिठी मारून बसले होते.

घरी अंगणात प्लॅस्टिक अंथरून कापणी सुरू झाली. खालून दट्ट्यानं गाळ ढकलायचा, वर एक सेंटीमीटर आला की प्लॅस्टिकच्या पट्टीनं चकती कापायची, पिशवीत टाकायची, पिशवीवर चिकटपट्टी लावून आकडा लिहायचा. पट्टी बाबांच्या शाळेतली होती, फूटपट्टी. मी कापायची, बाबा पिशवी हनुवटीखाली धरून तिचं तोंड उघडं ठेवायचे, चकती आत घ्यायचे, चिकटपट्टी ओढायचे. कात्रीला बंदी होती. त्यामुळे चिकटपट्टी ते दातांनी तोडायचे. मला हे समोर दिसत होतं. ते मला खटकलं नाही. उलट कात्री वापरत नाहीत म्हणून मला त्यांचं कौतुक वाटत होतं.

संध्याकाळी जेवताना भाकरीचा पहिला घास चावून बाबा थांबले. जीभ गालात फिरवली. मग बोटानं चाचपलं.

"कॅप गेली," ते म्हणाले.

निवृत्त झाल्यावर त्यांनी अकोल्याच्या एका डॉक्टरकडून वरच्या दाढेला धातूची कॅप बसवून घेतली होती. पांढरी, चकचकीत. डॉक्टरनं सांगितलं होतं, भारीतला धातू आहे, गंजणार नाही. बाबा हसताना डावीकडून जरा जास्त हसायचे ते तिच्यामुळेच.

"गिळली असन," आई म्हणाली. "दुपारी चिवडा खाल्ला तवा."

आम्ही सगळ्यांनी ते मान्य केलं. पुढचे दोन दिवस आईनं बाबांना केळी चारली, आणि दर सकाळी ती त्यांना जे विचारायची ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिसऱ्या दिवशी मी पिशव्या थर्मोकोलच्या डब्यात बर्फ घालून पुण्याला नेल्या.

प्रयोगशाळेत गाळ वाळवला, नायलॉनच्या चाळणीतून चोळून चोळून चाळला. चाळणीवर जे उरायचं, शंखांचे तुकडे, खडे, ते नियमाप्रमाणे कागदाच्या पुड्यांत घालून ठेवलं. एका थरात एक चिवट ढेकूळ होतं. ते फुटेना. मी ते अंगठ्यानं दाबून दाबून चाळणीवर घासलं, घाम निघाला, शेवटी कंटाळून पुडीत टाकलं. मग पुढचं सगळं काम केलं आणि नमुने यंत्रात गेले.

आकडे आले त्या दिवशी सर खुर्चीवरून उठून माझ्या टेबलापाशी आले. सर सहसा उठत नाहीत.

"अगं, हे पाहिलंस? अठ्ठाविसावा सेंटीमीटर!"

सगळ्या थरांत पॅलेडियम जवळजवळ शून्य. अठ्ठाविसाव्यात मात्र आलेखाची रेघ कागदाबाहेर जायला निघालेली. इरिडियमही जरा वर उचललेलं. मी दोनदा मोजलं, तरी तेच. सरांनी मला चहा पाजला. त्यांनी मला चहा पाजल्याची हीच पहिली वेळ. "घाई करायची नाही," ते म्हणाले, आणि घाईघाईनं फळ्यावर लेखाचं शीर्षक लिहू लागले.

मी बाबांना फोन केला. कुणाला सांगू नका, असं बजावलं.

"मी काऊन सांगू कोनाले?" बाबा म्हणाले.

आठवड्याभरानं मी सुट्टीला घरी गेले तर एसटीतून उतरताच पानठेल्यावरचा माणूस म्हणाला, "काय ताई, प्लॅटिनम सापडलं म्हने!" बाबांनी गावातल्या बुद्धविहाराच्या ओट्यावर सगळ्यांना बसवून, साखरेच्या पोत्यांसकट, रीतसर तास घेतला होता. दुसऱ्या दिवसापासून अंगणात माणसं यायला लागली. एकानं विहीर खणताना निघालेला काळा दगड आणला. एकानं गंजलेली बेअरिंगची गोळी आणली आणि ही आकाशातून पडली, मी डोळ्यांनी पाहिली, असं शपथेवर सांगितलं. शेजारची काकू पायातलं जोडवं काढून घेऊन आली.

"हे तुह्या मशीनीत टाकून पाह्य व," ती हळूच म्हणाली. "चांदी हाये का खरी? सासूनं देल्लं होतं."

"काकू, मशीन पुण्याला आहे."

"मंग घेऊन जाय. मले घाई नाई."

मी ते नेलं नाही, पण बाबांनी सगळ्यांचं येणं एका वहीत लिहून ठेवलं. ते दारात उभे राहून पाहुण्यांना सांगत, "नमुना कोरडा अन् स्वच्छ पाह्यजे. हात लावू नका." इतकं खूश मी त्यांना निवृत्तीच्या निरोपसमारंभातही पाहिलं नव्हतं.

चौथ्या दिवशी सरांचा फोन आला. आवाज वेगळाच होता.

"चांदी कुठून आली?"

"काय सर?"

"मी सगळे धातू पुन्हा पाहिले. अठ्ठाविसाव्यात पॅलेडियमबरोबर चांदी आहे. भरमसाट. सोनंही आहे थोडं. उल्केत एवढी चांदी नसते. तू उद्या निघ."

पुण्याला पोहोचले तर सर माझीच वाट बघत होते. त्यांनी पुड्यांचा डबा काढून ठेवला होता. अठ्ठाविसाव्या थराची पुडी त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली सोडली. ते चिवट ढेकूळ मी इतकं घासलं होतं, की त्याच्या एका बाजूचा गाळ जाऊन खालून काहीतरी चमकत होतं. सरांनी प्लॅस्टिकच्या चिमट्यानं ते उलटं केलं. आतून पोकळ होतं. सरांनी डोळा बाजूला घेतला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

"ही... दाढ आहे," ते म्हणाले.

मी पाहिलं. "कॅप आहे सर. वरच्या डाव्या बाजूची."

"तुला कसं माहीत?"

"ओळखीची आहे."

मी त्यांना चिकटपट्टी, कात्री, चिवडा, केळी असं सगळं सांगितलं. केळ्यांपर्यंत ते गंभीर होते. मग त्यांनी टेबलावर डोकं टेकलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं त्यांना काही झालं. ते हसत होते. बाहेरून दोन विद्यार्थी डोकावून गेले. मला मात्र रडू आलं. फळ्यावर लेखाचं शीर्षक अजून तसंच होतं.

घरी फोन केला. "बाबा, तुमची कॅप सापडली."

"कोठी?"

"अठ्ठाविसाव्या सेंटीमीटरला."

बाबांना गणित सोडवायला वेळ लागत नाही. "चिकटपट्टी," ते म्हणाले. मागून आईचा आवाज आला, "म्या म्हनलं नोतं, पोटात नाई म्हून!" तिनं असं कधीच म्हटलं नव्हतं.

दोन दिवसांनी बाबा न सांगता पुण्याला आले. रात्रभर बसमध्ये बसून आलेले, तरी इस्त्रीचा शर्ट, पट्टा, घड्याळ, स्वतःचा चष्मा. मी त्यांना सरांच्या खोलीत नेलं. सर बसा म्हणाले, पण ते बसले नाहीत.

"सर, माह्यी चूक आहे," बाबा म्हणाले. ते शक्य तितकं पुस्तकी बोलायचा प्रयत्न करत होते. "पोरीची नाही. तिनं मले तपासलं होतं. मी तोंड उघडून दाखवलं नाही. तिची पीएचडी याच्यामुळे थांबू नये. लिहून द्याचं असन तर लिहून देतो."

त्यांनी खिशातून खरंच अर्ज काढला. विषय, संदर्भ, महोदय, सगळं होतं. सरांनी तो शेवटपर्यंत वाचला. मला भीती वाटत होती, की ते पुन्हा हसतील. ते हसले नाहीत.

"गुरुजी," सर म्हणाले, "यादी मी केली होती. त्यात दात मी लिहिला नव्हता. चूक माझी धरा."

मग त्यांनी ड्रॉवरमधून एक छोटी प्लॅस्टिकची डबी काढून पुढे केली. "ही तुमची. हवी असेल तर न्या."

बाबांनी डबी उजेडात धरून पाहिली. एका बाजूनं कॅप चांगलीच घासली गेली होती. "हिचा नमुना घेतला का?" त्यांनी विचारलं. सर म्हणाले, नाही. "मंग घ्या ना. हिच्यात काय काय आहे अन् गाळात काय काय सापडलं, ते जुळवून पाहा. त्याशिवाय सिद्ध कसं होईन?"

सरांनी डबी माझ्याकडे दिली. कॅपचा कण काढून मोजला. पॅलेडियम, चांदी, सोनं आणि नावाला इरिडियम. सगळ्यांचं एकमेकांशी प्रमाण तंतोतंत तेच निघालं. माझ्या प्रबंधात त्याचं एक अख्खं कोष्टक आहे, आणि परीक्षकांनी सगळ्यात जास्त प्रश्न त्याच्यावरच विचारले.

गावाला परतल्यावर बाबांपुढे दुसरं काम होतं. मी त्यांना म्हटलं, लोक आपोआप विसरतील, सोडून द्या. ते म्हणाले, "म्या शिकवेल हाये ते. चुकीचं शिकवलं तं फळा पुसा लागते." संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर माणसं जमली तेव्हा ते उभे राहिले. मी जरा लांब, भिंतीशी थांबले होते. त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. चिकटपट्टीपर्यंत लोक शांत होते. कॅप आली तसा ओटा हसायला लागला. एक म्हातारबुवा हसता हसता खोकून बेजार झाले, त्यांना पाणी द्यावं लागलं. बेअरिंगच्या गोळीवाला सगळ्यात मोठ्यानं हसत होता. बाबा हसू ओसरेपर्यंत थांबले आणि म्हणाले, "कोनाले शंका?"

एका बाईनं विचारलं, "मंग गुरुजी, तलावात काईच नाई का?"

"ते अजून माहीत नाई," बाबा म्हणाले. "पुन्हा मोजा लागन."

परवान्यात दोन नमुने होते, हे आमचं नशीब. दुसऱ्या वेळी सर स्वतः आले. पहिल्याच जेवणात त्यांनी आईचा ठेचा चटणी समजून चमच्यानं वाढून घेतला आणि भाताबरोबर कालवला. आईनं बाबांकडे पाहिलं, बाबांनी माझ्याकडे. सांगेपर्यंत त्यांचा घास गेला होता. डोळ्यांतून पाणी वाहत असताना त्यांनी ताट संपवलं, पाण्याचे तीन पेले प्यायले, आणि "छान आहे हो" असं अगदी बारीक आवाजात म्हणाले. आई मला आत घेऊन म्हणाली, "मानूस चांगला हाये. पन त्याले अक्कल नाई."

या वेळी तोंडं तपासण्यात आली. वनरक्षकाच्या दाढेत चांदी भरलेली निघाली. त्याला तराफ्यावर येता येणार नाही असं सरांनी सांगितलं तेव्हा तो इतका नाराज झाला, की त्यानं परवाना परत तपासायला मागितला. शेवटी तोंडाला फडकं बांधून, एक शब्दही बोलणार नाही या अटीवर तो आला. हातोडा मात्र त्यानंच धरला.

कापणीच्या वेळी बाबा अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला, खांबाला टेकून उभे राहिले. त्यांनी स्वतःच ते अंतर ठरवलं होतं. मी कापत होते, सर पिशव्या भरत होते, आणि बाबा वहीत बघून आकडे पुकारत होते, वर्गात हजेरी घेतात तसे. "सव्वीस." सर म्हणायचे, "झाला." "सत्तावीस." "झाला." अठ्ठाविसाच्या वेळी बाबांचा आवाज जरा बसला. सरांनी चकती पिशवीत टाकली, पिशवी बंद केली आणि म्हणाले, "झाला, गुरुजी. पुढचा."

निकाल यायला पाच महिने लागले. अठ्ठाविसाव्या थरात काहीच नव्हतं. अगदी खालच्या एका थरात पॅलेडियम जरासं वर होतं, पण इतकं थोडं, की ते उल्केचं की आमच्याच भागातल्या काळ्या दगडाचं, हे सांगता येत नव्हतं. सर म्हणाले, जसं आहे तसं लिही. मी तसंच लिहिलं आणि घरी फोन केला.

"आकडा सांग," बाबा म्हणाले. वही उघडल्याचा आवाज आला.

मी सांगायला लागले. शून्य दशांश शून्य शून्य...

"थांब. हळू सांग. शून्यं किती?"

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी माझ्यामागून एकेक शून्य मोठ्यानं म्हणत लिहून घेतलं, मग सगळा आकडा मला परत वाचून दाखवला. त्यांचं एक शून्य जास्त झालं होतं. ते मी दुरुस्त केलं. त्यांनी खोडून नीट लिहिलं, आणि उद्या ओट्यावर सांगतो म्हणाले.